शोभनाकाकूंचा गोफला

"ये, आधी आमच्या पेशंटला भेट," शोभनाकाकू म्हणाल्या आणि मला मागच्या अंगणात घेऊन गेल्या. मी खाटेवर कुणी म्हातारं माणूस असेल म्हणून शोधत होते. अंगणात एक कूलर होता, दोरीवर वाळणारे टॉवेल होते, आणि शेजारच्या घराच्या कमरेएवढ्या सामाईक भिंतीलगत एका लोखंडी मांडवाला गच्च बिलगलेला वेल होता. बुंध्याभोवती ओलं गोणपाट, त्यावर दोन चपट्या फरश्या.

"कुठे आहेत?"

"हा काय समोर. गोफला म्हणतात त्याला. डोंगरातला आहे, थंडी-बर्फाला न घाबरणारा."

"मग होतंय काय त्याला?"

"फुलत नाही. खातो, पितो, वाढतो, फुलत नाही. सात वर्षं झाली."

"आमच्या घरात असं आणखी एक आहे," आतून चारुदत्तकाका म्हणाले. "त्याला सतरा झाली. खातं, पितं..."

"पापा, मैं सुन रही हूँ," त्यांची मुलगी निशिगंधा म्हणाली. तिला मराठी सगळं कळायचं, पण उत्तर हिंदीतून यायचं. फार रागावली तर पंजाबीतून.

ही शहाऐंशीच्या पावसाळ्यानंतरची गोष्ट. मी नाटक शिकायला चंदीगडला आले होते आणि चोवीस सेक्टरातल्या त्यांच्या घराच्या गच्चीवरची एकुलती खोली मला मिळाली होती. अशा खोलीला तिकडे बरसाती म्हणतात. खिडकीतून खालची दोन्ही अंगणं दिसायची, काकूंचं आणि शेजारचं.

काकू मूळच्या अलिबागजवळच्या चौलच्या. माहेरी सुपारीची वाडी आणि प्रत्येक सुपारीवर चढवलेली पानवेल. चारुदत्तकाका इथल्या मोठ्या वैद्यकीय संस्थेत जंतांवर संशोधन करायचे, आणि काकू तिथल्याच स्वयंपाकघरात आहारतज्ज्ञ होत्या. कुणाला मीठ बंद, कुणाला साखर बंद, कुणाला नुसती पेज, हे ठरवण्यात त्यांचा दिवस जायचा. धडधाकट पंजाबी माणसाला तुपाशिवायचा पराठा पुढे केला की तो कसा बघतो, हे त्या करून दाखवायच्या. "असा बघतो गं, जसं काही मी त्याची जमीन लिहून मागितलीय."

चंदीगड त्यांना आवडायचं, पण जरा हात राखून. "इथे रस्तेसुद्धा गणवेशात," म्हणायच्या. घरोघर हिरवळीचा चौकोन, गुलाब, थंडीत शेवंतीच्या कुंड्या, गेटावर बोगनवेल. चढणारं आणि वासाचं असं काही त्यांना हवं होतं, माहेरच्या वाडीसारखं अंगावर येणारं. ते त्यांना चैलला एका विश्रामगृहाच्या भिंतीवर दिसलं.

"दिसलं नाही, आधी वास आला," त्या दुरुस्त करायच्या. "गाडीच्या काचा बंद होत्या, तरी आला."

तिथल्या चौकीदाराने नाव सांगितलं, फांदी कापून दिली. ती न्यायची कशात? काकूंनी थर्मासमधला चहा घाटात ओतून दिला आणि ओल्या रुमालात गुंडाळलेली फांदी आत उभी केली. त्या चहाचं दुःख काका अजून करत होते.

ती फांदी मेली. पुढच्या खेपेची मेली, त्याच्या पुढचीही.

"चूक माझीच," काकू सांगायच्या. "मी त्याला पानवेलीसारखं वाढवायला गेले. सकाळ-संध्याकाळ पाणी, ताकाचं पाणी, तांदळाचं धुवण. आमच्याकडे वेलीचे लाड असेच करतात. डोंगरातलं पोर ते, त्याला हे सोसणार होय? मुळं कुजली."

मग त्यांनी त्याला पेशंट मानलं आणि पथ्य सुरू केलं. नळाचं पाणी जड, ते बंद. पिंपात साठवलेलं पावसाचं पाणी, तेही मोजकंच. डोकं उजेडात, पाय थंड. म्हणून कूलरच्या शेजारची, दुपारनंतर सावलीत जाणारी जागा. मे-जूनमध्ये लू वाहायला लागली की पश्चिमेकडून ओली चादर. "ह्या घरात एकही चादर धड नाही," काका म्हणायचे. पण चौथी फांदी जगली. हाताच्या पंजासारखी पानं, जाड, तुकतुकीत, थंडीतसुद्धा न गळणारी. मांडव भरला, भिंत भरली. शहरात असा दुसरा वेल कुणाकडे नव्हता. बागांच्या स्पर्धेचे परीक्षक एकदा येऊन, मान वाकडी करून बघून गेले होते. "बहुत अच्छा पत्ता है जी," म्हणाले. काकूंना ते फार लागलं. पत्ता म्हणजे पान. पानांसाठी कोण एवढं करतं?

शेजारी सोढीसाहेब होते. हे सत्र न्यायाधीश. सीमेकडच्या एका जिल्ह्यात त्यांनी एका खुनाच्या खटल्यात जन्मठेप सुनावली, तेव्हापासून धमक्या सुरू झाल्या, आणि सरकारने त्यांची बदली करून त्यांना इथे आणून ठेवलं. पुढे पहारा, मागेही पहारा. मागच्या अंगणात वाळूच्या पोत्यांचा मोर्चा रचलेला, त्यात बंदूकधारी जवान. तो नेमका गोफल्यासमोर.

त्या वर्षांत सकाळचं वर्तमानपत्र उघडायला हात पुढे व्हायचा नाही. बसमधून उतरवून मारलेली माणसं, बाजारात फुटलेले बॉम्ब. दिवेलागणीनंतर चौकाचौकांत नाके लागायचे. चारुदत्तकाकांनी कॉलेजपासूनची दाढी त्याच काळात काढली, कारण प्रत्येक नाक्यावर स्कूटर थांबवून शिपाई विचारायचे, "पगड़ी कहाँ छोड़ आए, सरदारजी?" आणि ते हसण्यावारी न्यायचं की नाही, हे टॉर्चच्या उजेडात कळायचं नाही.

सोढीसाहेबांचं जग अंगणाएवढं झालं होतं. सुखना तलावावरचं फिरणं बंद, बाजारहाट बंद, गुरुद्वाऱ्यातही वेळ न कळवता जायचं आणि लगेच परतायचं. कोर्टातून आले की ते भिंतीच्या कडेने येरझारा घालायचे आणि गुडघे दुखले की वेताच्या खुर्चीत बसायचे. खुर्चीचं तोंड गोफल्याकडे.

"भैणजी, मरीज़ कैसा है?" ते भिंतीवरून विचारायचे.

"खाना खाता है, भाईसाब. काम नहीं करता."

"समन भेजा था?"

"सात साल से भेजती हूँ."

"तो फिर अगली तारीख दे दो. हमारे यहाँ भी यही होता है."

त्यांची ती हसायची वेळ होती. दोघंही मनापासून हसायचे. मोर्चातला हवालदार रामसुमेर मात्र हसायचा नाही. तो बलियाचा, ठेंगणा, चिंतातुर. त्याच्या दृष्टीने गोफला हा शत्रूचा माणूस होता.

"साहब, इसके पीछे पूरी बारात छुप जाएगी. बैंड-बाजे के साथ."

"तो बाजा सुनाई देगा न, रामसुमेर."

"आप तो मज़ाक करते हैं, साहब."

फेब्रुवारीत पोलिसांचा हुकूम आला की साहेबांच्या भिंतीलगतची सगळी झाडी काढायची. काकूंच्या अंगणातली धरून. काकू त्या संध्याकाळी जेवल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी भिंतीशी गेल्या आणि सोढीसाहेबांना त्यांच्या त्या चौल-हिंदीत म्हणाल्या, "भाईसाब, इसको मैंने बच्चे जैसा संभाला है. एक बार फूल आने दो. फिर बोलूँगी."

सोढीसाहेबांनी खुर्चीत बसल्या बसल्या निकाल दिला. होळीनंतरची तारीख.

होळी झाली. रामसुमेर कोयता घेऊन आला. काकूंनी त्याला मांडवाखाली नेलं आणि एक फांदी वाकवून दाखवली. पानांच्या बेचक्यात मुगाएवढ्या कळ्यांचे घोस लोंबत होते. अख्ख्या मांडवभर.

रामसुमेरने कोयता पाठीमागे धरला. "यह तो... पेट से है," तो म्हणाला.

"मग?"

"साहब से पूछता हूँ."

साहेबांनी पुढची तारीख दिली.

त्यानंतर काकू कामावरून आल्या की पर्ससुद्धा न ठेवता मागे जायच्या. कळ्या फुगल्या, मग एका सकाळी मला वर खिडकीत वास आला. गोड, पण नुसता गोड नाही, त्यात किंचित संत्र्याच्या सालीसारखं काहीतरी. मी खाली धावले तर काकू नाइटीवरच मांडवाखाली उभ्या होत्या. छोट्या घंटांसारखी फुलं, काही पांढरट हिरवी, काही जांभळट. काकूंनी माझ्याकडे पाहिलं आणि हळू आवाजात म्हणाल्या, "बोलू नको काही."

दोन दिवसांनी पाडवा होता.

दर वर्षी काकू गुढी पुढच्या व्हरांड्यात उभारायच्या. ह्या वर्षी त्या म्हणाल्या, "मांडव फुललाय, तर गुढी तिथेच." लोखंडी खांबाला काठी बांधली. काठीला माहेरची केशरी नारायणपेठी, जरीकाठाची. रस्त्यावरच्या झाडाचा कडुनिंब. साखरेच्या गाठी तिकडे मिळत नाहीत म्हणून बत्ताशांची माळ. वर चांदीचा तांब्या पालथा. निशिगंधाने स्टूल धरलं होतं, काकूंच्या हातात हळदकुंकवाचं ताट होतं, काका सोवळं न नेसता नेसल्यासारखा चेहरा करून उभे होते. मी खिडकीतून बघत होते. काठी वर गेली, वाऱ्याने केशरी कापड फडफडून उघडलं आणि भिंतीच्या वर, सोढीसाहेबांच्या अंगणाच्या बाजूला झुकलं.

शिट्टी वाजली.

रामसुमेर नाश्त्याला गेला होता. मोर्चात त्या दिवशीच आलेला नवा जवान होता. त्याला दिसलं ते एवढंच, की धमक्या आलेल्या न्यायाधीशाच्या भिंतीवर कुणीतरी केशरी झेंडा चढवतंय. त्या रंगाचा त्या वर्षांत तिकडे एकच अर्थ लागायचा, अतिरेक्यांचा झेंडा. बघता बघता तीन जवान भिंतीवरून काकूंच्या अंगणात उतरले.

"हाथ ऊपर! सब हाथ ऊपर!"

काकांनी केले. निशिगंधाने केले. स्टूल डगमगलं.

"थाली गिरेगी," काकू म्हणाल्या. "पहले इसको कोई पकड़ो."

जवानाने बंदूक एका हातात घेऊन दुसऱ्या हातात ताट घेतलं. मग ते कुठे ठेवायचं हे त्याला कळेना, आणि इन्स्पेक्टर बराड येईपर्यंत तो हळदकुंकू सांभाळत उभा राहिला.

बराड उंच, झोप न झालेला माणूस होता. त्याने गुढीभोवती एक चक्कर मारली.

"झंडा किसका है?"

"झंडा नहीं है. पूजा है. हमारा नया साल है आज."

"मार्च में?"

"आपका अप्रैल में होता है, वैसाखी को. मैंने कभी पूछा?"

बराडने हे ऐकून घेतलं. "लोटा उलटा क्यों है?"

काकूंनी काकांकडे पाहिलं. काका हात वर ठेवूनच मराठीत म्हणाले, "माझ्याकडे काय बघतेस? तांब्या तुझ्या माहेरचा."

"और यह रंग?"

काकू बोलायला गेल्या आणि थांबल्या. त्यांनी मान वर करून स्वतःच्याच गुढीकडे पाहिलं, मग भिंतीकडे, मग पलीकडच्या वाळूच्या पोत्यांकडे. मला वरून त्यांचा चेहरा स्पष्ट दिसत होता. आपण काय केलं ते त्यांना कळलं होतं.

"मेरी माँ की साड़ी है," त्या एवढंच म्हणाल्या.

"उतार दीजिए."

"शाम तक नहीं उतारते. अशुभ होता है."

"मैडम, इस सेक्टर में अशुभ का हिसाब मैं रखता हूँ."

तेवढ्यात सोढीसाहेब मधल्या छोट्या फाटकातून आले. पगडी न बांधता, डोक्याला नुसता पटका, पायात घरातल्या चपला. जवानांनी पटापट सलाम ठोकले. ताटवाल्याला ठोकता आला नाही. साहेबांनी गुढीकडे पाहिलं आणि बराच वेळ पाहत राहिले.

"बराड, मेरे पास भी इसी रंग की पगड़ी है. बेटे की शादी में बाँधी थी. अब अलमारी में पड़ी है. बाँधूँ तो तुम लोग देखोगे, न बाँधूँ तो वो लोग." मग काकूंकडे वळून म्हणाले, "रहने दो, भैणजी. शाम को उतार लेना. सोहणी लग रही है."

काकांनी हात खाली घेतले. मला वाटलं, संपलं. पण बराड जागचा हलला नव्हता.

"सर, झंडे का मैं मान लेता हूँ," तो म्हणाला. "बेल का क्या करूँ?"

"फूल आए हैं, यार. थोड़े दिन और."

"सर, एक मिनट." बराडने एका जवानाला खूण केली. "जा. छुप."

जवान गोफला आणि भिंत ह्यांच्या मधल्या फटीत शिरला. पानं हलली आणि स्थिर झाली. फुलांवरच्या मधमाश्या उठल्या, पुन्हा बसल्या. मी वरून बघत होते, मला तो दिसेना. काकू दोन हातांच्या अंतरावर उभ्या होत्या, त्यांना दिसेना.

"दिखता है किसी को?" बराडने विचारलं.

मग पानांतून बंदुकीची नळी बाहेर आली. एका जांभळ्या घोसाच्या शेजारून, अगदी हळू. भिंतीपलीकडे रोखलेली. तिच्या समोर सोढीसाहेबांची वेताची खुर्ची होती, सकाळचं वर्तमानपत्र ठेवलेली.

"बस," बराड म्हणाला. "बाहर आ."

जवान बाहेर आला. त्याच्या खांद्यावर फुलं पडली होती.

सोढीसाहेबांनी घसा साफ केला. "भैणजी, ऐसा करते हैं, इसकी अगली तारीख..."

"नहीं, भाईसाब," काकू म्हणाल्या. "अब तारीख नहीं."

त्यांनी पदर खोचला. आवाज कामावरचा होता, मीठ बंद सांगतानाचा.

"मैं काटूँगी. ये लोग नहीं. इनको गाँठ नहीं मालूम, कहाँ से काटना है. और गुढी उतरने के बाद. और पूरा नहीं. घुटने तक रखूँगी. घुटने तक में आदमी नहीं छुपता."

बराडने जवानांकडे पाहिलं, वेलाकडे पाहिलं. "घुटने तक ठीक है."

"किसका घुटना?" काकूंनी विचारलं.

"जी?"

"घुटना किसका? बोलो अभी, बाद में झगड़ा नहीं चाहिए."

त्यांनी जवानांच्या ओळीवर नजर फिरवली आणि सगळ्यात उंच होता त्याच्याकडे बोट दाखवलं. "इसका."

ताट धरून उभा होता तोच तो. बराडला पहिल्यांदा हसू फुटलं. "लिखवा लो भई. घुटना इसका."

त्या दिवशी मी कॉलेजला गेले नाही. सोढीसाहेब घरी परत गेले नाहीत. वर्षभर भिंतीपलीकडून बघितलेल्या वेलाखाली ते येऊन बसले, काकांनी खुर्ची दिली, मागे रामसुमेर बंदूक घेऊन उभा. नाश्त्यावरून आल्यावर त्याला सगळं कळलं होतं. काकूंनी श्रीखंड-पुरी आणली. साहेबांच्या वाटीत एकच चमचा.

"बस इतना?"

"आपको शुगर है."

"भैणजी, फाँसी वाले को भी उस दिन मन का खाना देते हैं."

"फाँसी आपको नहीं है, इसको है," काकू वेलाकडे बघून म्हणाल्या, आणि मग आणखी एक चमचा वाढला.

त्यांनी साहेबांना फुलं दाखवली. ही पांढरट ती नर, ही जांभळी ती मादी, दोन्ही एकाच वेलावर. फळ धरायला हवं असेल तर इकडचं तिकडे आपल्या हाताने लावायचं. चैलचा चौकीदार सांगत होता की जांभळं, लांबट फळ येतं, आत गोड गर.

"आपने लगाया?"

"कल लगाया था."

साहेबांनी एक घोस नाकाशी नेला आणि डोळे मिटून बसले. मला वाटलं, झोपले.

सूर्य खाली गेल्यावर काकूंनी गुढीला हळदकुंकू वाहिलं, बत्ताशाची माळ काढून सगळ्यांना वाटली, जवानांनाही, आणि साडी घडी करून आत ठेवून आल्या. येताना बागेची कात्री घेऊन आल्या. स्टूलवर चढल्या.

पहिली फांदी पडली तेव्हा आवाज झाला नाही, मांडवावरून घसरत आली नुसती. मग त्या थांबल्या नाहीत. गाठ बघायच्या, बोटाने चाचपायच्या, कापायच्या. निशिगंधा खाली फांद्या गोळा करत होती. शेवटच्या जाड खोडाशी आल्या तेव्हा ती म्हणाली, "आई, थोड़ा ऊपर से काट ना. किसको पता चलेगा?"

"घुटना ठरलाय," काकू म्हणाल्या. "धर नीट."

मांडव उघडा पडला. पलीकडचा मोर्चा, दिवा, पोत्यांवर टेकलेली बंदूक, सगळं पहिल्यांदाच आमच्या अंगणातून दिसायला लागलं. काकू खाली उतरल्या आणि थेट मोरीत गेल्या. नळाचा आवाज बराच वेळ येत राहिला. काका दाराशी उभे होते. आत गेले नाहीत, तिथून हललेही नाहीत.

फुललेल्या फांद्यांच्या तीन बादल्या भरल्या. एक सोढीसाहेबांकडे गेली, एक काकूंच्या संस्थेतल्या वॉर्डात. तिसरी रामसुमेरने न विचारता मोर्चात नेली.

गोफला मेला नाही. उन्हाळ्यात खालून फुटला. काकूंनी भिंतीच्या तळाशी आडवी तार बांधली आणि चढायला निघालेला प्रत्येक फुटवा वळवून तारेला बांधायला सुरुवात केली. वर जाणं ज्याच्या अंगात आहे, त्याला रोज आडवं करायचं. रविवारी सकाळी त्या हे करत बसायच्या आणि त्याच्याशी बोलायच्या. "नाही, तिकडे नाही. सांगितलं ना. चल, इकडे." रामसुमेर मधूनमधून येऊन त्या उंच जवानाला वेलाशेजारी उभं करायचा आणि वाकून बघायचा. एकदा माप दोन बोटं जास्त भरलं.

"मैडम जी, टोपी से ऊपर है," तो गुडघ्याच्या वाटीला टोपी म्हणायचा.

"ये तो इसने मोटा मोज़ा पहना है."

"मोज़ा घुटने में नहीं पहनते, मैडम जी."

काकूंनी दोन बोटं कापली.

पुढच्या पाडव्याला त्या आदल्या दिवशीच मोर्चापाशी जाऊन सांगून आल्या, "कल हमारा नया साल है. पुढे व्हरांड्यात, हिरवी साड़ी, लोटा उलटा. नए आदमी को बता देना." पुढे हे दर वर्षीचंच झालं.

माझं शिक्षण संपलं, मी परत आले. मध्ये काही वर्षं गेली. त्र्याण्णवच्या मार्चमध्ये आमच्या नाटकाचा प्रयोग घेऊन मी चंदीगडला गेले, तेव्हा चोवीस सेक्टरात उतरले. तोवर तिकडचं वातावरण निवळलं होतं. सोढीसाहेब निवृत्त होऊन पंचकुल्याला स्वतःच्या घरात राहायला गेले होते. मोर्चा उठला होता, फाटक्या पोत्यांतली वाळू अंगणात पसरली होती आणि तिच्यात मांजरं लोळत होती.

गोफला भिंतीच्या तळाशी, ह्या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत अजगरासारखा आडवा पडला होता. आणि फुलला होता.

"वास घ्यायचा तर बसावं लागतं," काकू म्हणाल्या. मी बसले.

दुपारी सोढीसाहेब आले. एकटे, रिक्षातून, काठी टेकत, डोक्याला पांढरी पगडी. काकूंनी "खुर्ची, खुर्ची," म्हणेपर्यंत ते गुडघे धरत, कण्हत, भिंतीशी जमिनीवर बसलेसुद्धा.

"भाईसाब, उठोगे कैसे?"

"वो बाद की बात है."

काका आतून आले. "आता पहारा गेला, साहेब पंचकुल्याला गेले. चढव ना त्याला परत मांडवावर. आता कोण अडवतंय?"

काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं, मग वाकून एक जाड खोड दोन्ही हातांनी धरलं आणि जरासं उचललं. आतून कडकन आवाज आला. त्यांनी ते लगेच होतं तसं खाली टेकवलं आणि त्या जागेवर हात ठेवून बसल्या.

"नाही उठायचं आता ते. हाडं तशीच झाली त्याची."

"मग?"

"मग काही नाही. पडल्या पडल्या फुलतोय ना? फुलू दे."

सोढीसाहेबांना मराठी कळत नव्हतं, पण आवाज त्यांनी ऐकला होता. त्यांनी पानं बाजूला करत काठीचं टोक बुंध्यापर्यंत नेलं. गोणपाटाच्या जवळून एक कोवळा फुटवा निघाला होता, लालसर, बोटाएवढा, आणि त्याचं टोक हवेत काहीतरी शोधत होतं.

"और इसको? इसको भी लिटाओगी?"

काकूंनी सवयीने हात पुढे केला होता, वळवायला. तो तसाच राहिला. त्या मांडवाकडे बघत बसल्या. गंज चढला होता, एक खांब कलला होता, पण उभा होता.

"अहो," त्या काकांना म्हणाल्या, "जरा दोरी आणा. सुतळी नको, काचेल. मऊ काहीतरी आणा."